विमान सव्वा तासाचं, प्रवास किती तासांचा?



या वेळी विषय जरा वेगळा आहे. व्याजाचा हिशोब नाही, शेळ्यांचं लसीकरण नाही. या वेळी विमानाबद्दल लिहितेय. हसू नका. आपल्या महासंघातल्या चार-पाच गटांनी तिरुपतीच्या यात्रेसाठी वेगळे पैसे साठवायला सुरुवात केली आहे. त्यातल्या दोन गटांच्या बैठकीत मला एकच प्रश्न आला, “मॅडम, कोल्हापूरहून विमानानं तिरुपती किती लांब? आणि किती वेळ लागतो?”

प्रश्न साधा आहे. फोनला विचारलं तर उत्तर लगेच येतं. मीही मागच्या वर्षी तसंच फोनमध्ये बघून उत्तर दिलं होतं. उत्तर खोटं नव्हतं. तरीही त्या उत्तरामुळे भुदरगड तालुक्यातल्या एका गटातल्या आठ जणींची परतीची तिकिटं वाया गेली. चूक माझी होती. म्हणून आधी ती सांगते, मग अंतर आणि वेळ नीट कशी मोजायची ते बघू.

काय झालं होतं?

त्या गटातल्या बायकांनी अडीच वर्षं महिन्याला ३०० रुपये बाजूला काढले होते. गटाच्या नेहमीच्या बचतीत ते मिसळले नव्हते, त्याची वेगळी वही होती. प्रत्येकीचे ९००० रुपये झाले. आठ जणी जायला तयार झाल्या. त्यातल्या सहा जणी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होत्या. तिकिटं एका एजंटानं काढून दिली, आणि वेळेचं गणित मी घालून दिलं. एमएसडब्ल्यू झालेली, रोज फोन वापरणारी पोरगी म्हणून त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला.

जाताना सगळं ठीक झालं. दर्शन झालं. परतीचं विमान दुपारी पाऊण वाजता होतं. मी फोनवर बघितलं, तिरुपतीपासून विमानतळ साधारण १५ किलोमीटर. मी कळवलं, “मावशी, अकरा वाजता निघालात तरी चालेल.”

आता ही चूक तुमच्या लक्षात आली का? ते १५ किलोमीटर खालच्या तिरुपती गावापासून होते. मावशी होत्या वर, तिरुमलाच्या डोंगरावर. तिथून आधी बससाठी थांबायचं, मग वळणावळणाचा घाट उतरायचा, मग तिरुपती शहरातली गर्दी, मग पुढचे १५ किलोमीटर. त्या विमानतळावर पोहोचल्या तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते. विमान समोर उभं होतं. पण सामान घेण्याची आणि प्रवाशांची नोंद करण्याची खिडकी अर्ध्या तासापूर्वी बंद झाली होती.

आठ जणींची तिकिटं गेली. रात्रीच्या रेल्वेनं, साध्या डब्यातून, जागा मिळेल तशा बसत त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोल्हापूरला आल्या. मी स्टेशनवर न्यायला गेले होते. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. अध्यक्ष मावशी एवढंच म्हणाल्या, “पोरी, तू वेळ बरोबर सांगितलीस गं. फक्त इमानाची सांगितलीस, आमची न्हाई.”

या लेखात मला जे सांगायचं आहे ते सगळं मावशींच्या या एका वाक्यात आहे. विमानाची वेळ आणि आपली वेळ यात फरक असतो. तो फरक कुठून येतो ते आता एकेक करून बघू.

अंतर कुठून कुठपर्यंत आणि कोणत्या वाटेनं?

कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीजवळ. तिरुपतीचा विमानतळ रेणिगुंट्याला आहे. या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण ६५७ किलोमीटर आहे.

सरळ म्हणजे कसं? आपल्याकडं डोंगराच्या अलीकडच्या वाडीतून हाक मारली तर समोरच्या वाडीत ऐकू जाते. पण तिथं चालत जायचं म्हटलं तर ओढ्यापर्यंत उतरा, साकवावरून पलीकडं जा, परत चढा. हाक जाते ते सरळ अंतर. पाय जातात ते रस्त्याचं अंतर. विमान बरंचसं हाकेसारखं जातं.

म्हणून कोल्हापूर-तिरुपतीचे तीन वेगवेगळे आकडे तुम्हाला ऐकायला मिळतील, आणि तिन्ही खरे असतील:

विमानानं सरळ: साधारण ६५७ किलोमीटर.
रस्त्यानं, बेळगाव-हुबळी-बंगळुरूवरून: साडेआठशे किलोमीटरच्या आसपास.
रेल्वेनं, मिरज-बेळगाव-हुबळी-गुंतकलवरून: नऊशे किलोमीटरच्या आसपास.

आता फोनमधली एक गोम सांगते. काही ठिकाणी हे अंतर ४०८ दाखवतं. ते बघून एका गटात चर्चा झाली, “मग चारशे किलोमीटरच आहे की!” पण ते मैल असतात. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. आणखी कुठं ३५५ असा आकडा दिसला तर ते सागरी मैल. जहाज आणि विमान चालवणारे लोक हे माप वापरतात, त्यातला एक मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. अंतर तेच, फक्त मापट्याचा आकार बदलला. शेर आणि किलो यात आपण गोंधळत नाही, तसंच इथंही आकड्याच्या पुढं काय लिहिलंय ते आधी वाचायचं.

हे अंतर तुम्ही स्वतःसुद्धा मोजू शकता. पोरांच्या भूगोलाच्या नकाशाच्या पुस्तकात भारताचा नकाशा काढा. कोल्हापूरवर दोऱ्याचं एक टोक धरा, तिरुपतीवर दुसरं, आणि दोरा ताणा. मग तो दोरा पट्टीवर मोजा. नकाशाच्या खाली प्रमाण दिलेलं असतं. समजा १ सेंटीमीटर म्हणजे १०० किलोमीटर असेल, तर तुमचा दोरा साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास भरेल. पुढच्या मासिक बैठकीत करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे आणि एजंटाचा आकडा तपासायला फोनही लागत नाही.

हवेतला वेळ एकसारखा का नसतो?

आता वेळेकडं येऊ. एका जणीला कुणीतरी सांगितलेलं असतं सव्वा तास, दुसरीला पावणेदोन तास. खरं कोण? दोघंही खरे असू शकतात, कारण विमानं दोन जातींची असतात.

छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा पंख्याची विमानं येतात. पंखांवर मोठे पाते फिरताना दिसतात ती. एटीआर नावाची विमानं अशी असतात. ती वर गेल्यावर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातात. दुसरी जेट विमानं, ती ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास जातात.

आपण गटाच्या व्याजाचं गणित करतो तसं हेही करू.

पंख्याचं विमान: ६५७ भागिले ५००. उत्तर येतं १ तास १९ मिनिटं.
जेट विमान: ६५७ भागिले ८००. उत्तर येतं ४९ मिनिटं.

पण एसटी जशी स्टँडातून निघाल्या निघाल्या ताशी साठनं पळत नाही, तसंच विमानाचं. आधी ते जमिनीवर हळूहळू धावपट्टीच्या टोकापर्यंत जातं. मग उडतं, चढतं. उतरताना वेग कमी करत येतं, कधी वारा बघून दुसऱ्या बाजूनं वळसा घालून उतरतं. उतरल्यावर परत हळूहळू थांब्यापर्यंत जातं. या सगळ्याला मिळून २५ ते ३० मिनिटं धरा. म्हणजे जेटला सव्वा तासाच्या आसपास आणि पंख्याच्या विमानाला पावणेदोन तासांच्या आसपास.

तिकिटावर जी सुटण्याची वेळ असते ती विमान जागेवरून हलण्याची असते, आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे ते जाऊन उभं राहण्याची. आपण विमानतळाच्या दारात पोहोचण्याची वेळ त्यात नाही, आणि आपण बाहेर रिक्षात बसण्याचीही नाही. तिकिटात फक्त विमानाचा हिशोब असतो.

आणखी एक बघायचं. तिकीट थेट आहे की मधे बदल आहे? कोल्हापूरहून हैदराबादला जाऊन तिथून तिरुपतीचं विमान पकडायचं असेल तर दोन्ही मिळून सरळ अंतरच ८६० किलोमीटरच्या वर जातं. त्यात हैदराबादला थांबावं लागतं ते वेगळं. सव्वा तासाचा प्रवास पाच-सहा तासांचा कधी होतो ते कळतही नाही. एजंटानं “विमानानं नेतो” म्हटलं की लगेच विचारायचं, “थेट का बदलून?”

दारापासून दारापर्यंत

आता आपला खरा हिशोब. समजा विमान सकाळी ११ वाजता कोल्हापूरहून सुटतं आणि ते जेट आहे. भुदरगडातल्या वाडीवरची एक मावशी घरातून कधी निघेल आणि तिरुमलावर कधी पोहोचेल?

सकाळी ६.३०: घरातून निघणं. वाडीवरून गारगोटीला वडाप किंवा कुणाची गाडी, थांबण्यासकट अर्धा तास.
सकाळी ७: गारगोटीहून कोल्हापूरची एसटी, दीड तास.
सकाळी ८.३०: कोल्हापूर स्टँडवरून उजळाईवाडी, रिक्षानं अर्धा तास.
सकाळी ९: विमानतळावर. सुटण्याच्या दोन तास आधी.
सकाळी ११: विमान सुटलं.
दुपारी १२.२०: रेणिगुंट्याला उतरलो.
दुपारी १२.५०: सामान घेऊन बाहेर.
दुपारी १.३०: तिरुपती शहरात.
दुपारी ३: अलिपिरीची तपासणी आणि घाट ओलांडून वर तिरुमलावर.

साडेसहा ते तीन. साडेआठ तास. त्यात हवेतला वेळ फक्त १ तास २० मिनिटं. आणि हे सगळं वेळेवर झालं तर! दर्शनाची रांग अजून यात धरलेलीच नाही.

“मग इमान कशाला?” असं तुम्ही म्हणाल. थांबा, रेल्वेचाही हिशोब तसाच दारापासून करू. घरातून कोल्हापूर स्टेशन दोन तास. गाडी चुकू नये म्हणून अर्धा-पाऊण तास आधी. गाडीत वीस तासांच्या आसपास. तिरुपती स्टेशनवरून वर तिरुमलाला दीड तास. चोवीस तासांच्या वर गेले. म्हणजे विमानानं अंदाजे सोळा तास वाचतात. फायदा आहेच. पण “वीस तासांचं काम सव्वा तासात” असं जे सांगितलं जातं ते आपल्यासाठी “चोवीस तासांचं काम साडेआठ तासांत” असं आहे. हा आकडा मनात ठेवला तर कुणी घाई करणार नाही आणि कुणाची खिडकी बंद होणार नाही.

येताना हाच हिशोब उलटा मांडायचा. आणि इथंच मी चुकले होते. उलट्या हिशोबात सुरुवात तिरुपतीपासून करायची नाही, आपण जिथं झोपलोय तिथून करायची. वर तिरुमलावर मुक्काम असेल तर घाट उतरायचा एक तास, बसची वाट बघायची, शहर ओलांडायचं, विमानतळ गाठायचा. पाऊण वाजताच्या विमानासाठी त्या मावशींनी सकाळी साडेआठला वरून निघायला हवं होतं. मी अकरा सांगितले. अडीच तासांचा फरक, आणि आठ तिकिटं.

दोन तास आधी का जायचं?

बऱ्याच जणींना वाटतं, एसटीसारखं धावत जाऊन चढता येईल. विमानात तसं होत नाही. सामान जमा करायची आणि बैठकीचा पास घ्यायची खिडकी साधारण एक तास आधी बंद होते. ती वेळ तिकिटावर लिहिलेली असते, वाचून घ्या. विमानात चढायचं दारही सुटण्याच्या २०-२५ मिनिटं आधी बंद होतं. विमान समोर दिसत असलं तरी मग सोडत नाहीत.

दारातच मूळ ओळखपत्र बघतात. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव सारखं पाहिजे. आपल्यात बऱ्याच जणींचं घरातलं नाव वेगळं, माहेरचं वेगळं, आधारवर तिसरंच. तिकीट काढताना आधार समोर ठेवूनच नाव सांगा. तिथं दारात अर्धा तास वाद घालण्यात गेला तर दोन तासही पुरत नाहीत.

मग सुरक्षा तपासणी. आगपेटी, लायटर, कात्री, विळी घेऊन जाता येत नाही. देवाला म्हणून आपण सुकं खोबरं बांधून घेतो, तेही नको, कारण त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवू नका. पिशवी उघडून एकेक वस्तू बाहेर काढायला लागली की मागची रांग खोळंबते आणि आपला जीव घाबरा होतो. भाकरी-चटणी, लाडू बिनधास्त न्या.

छोट्या विमानतळाचं वेगळेपण

कोल्हापूरचा विमानतळ जुना आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली तो सुरू झाला, आणि आता त्याला त्यांचंच नाव आहे. २०२४ च्या मार्चमध्ये तिथल्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. कोल्हापूर-तिरुपती थेट विमान २०१९ साली सुरू झालं. आपल्या अंबाबाईचं आणि बालाजीचं नातं तुम्हाला माहीतच आहे, नवरात्रात तिरुपती देवस्थानकडून अंबाबाईला शालू येतो. त्यामुळे या दोन गावांमध्ये जाणारी-येणारी माणसं कायम असतात.

अशा छोट्या गावांना विमानानं जोडायला केंद्र सरकारची उडान नावाची योजना आहे. तिची पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला सुरू झाली. त्यात आपल्या महाराष्ट्रातलं नांदेड-हैदराबादही होतं. या योजनेत विमानातल्या काही जागांचं भाडं बांधून दिलेलं होतं. सुरुवातीला साधारण एक तासाच्या, म्हणजे पाचशे किलोमीटरच्या आसपासच्या प्रवासाला २५०० रुपये. कंपनीला होणारी तूट सरकार काही वर्षं भरून देतं. तीन वर्षांनी ती मदत थांबते. मग प्रवासी पुरेसे असले तर विमान चालू राहतं, नाहीतर बंद पडतं किंवा त्याचे वार बदलतात.

म्हणून मागच्या वर्षी शेजारच्या गटाला मिळालेलं भाडं आणि वेळ तुम्हालाही मिळेल असं धरून चालू नका. बांधून दिलेलं भाडं सगळ्या जागांना नसतं. तारीख ठरवायच्या आधी, त्या वारी विमान आहे का आणि त्या दिवशीचं भाडं किती, हे बघायचं. आणि जाताना विमान असलेला वार आणि परत यायला विमान असलेला वार, दोन्ही जुळले पाहिजेत. नाहीतर मुक्काम एक दिवसानं वाढतो आणि खर्चही.

दुसरी गोष्ट. मोठ्या शहरातून दिवसाला दहा विमानं असतात, एक चुकलं तर दुसरं. छोट्या विमानतळावर एखादंच असतं. आणि तेच विमान दिवसभर चार गावं फिरत येतं. आपल्या गावच्या मुक्कामी एसटीसारखंच, सकाळी एका ठिकाणी उशीर झाला की दिवसभर सगळीकडं उशीर. पावसाळ्यात ढग खाली आले तरी थांबावं लागतं. त्यामुळे उतरल्यानंतर दोन तासांत दर्शनाची वेळ, किंवा कोल्हापूरला उतरल्यावर लगेच शेवटची एसटी, असं घट्ट बांधून घेऊ नका. मधे किमान चार तास मोकळे ठेवा.

उशीर झाला तर आपले हक्कही माहीत असू द्या. अडीच तासांपर्यंतच्या विमानप्रवासाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर कंपनीनं खाणं-पिणं द्यायचं असतं. सहा तासांच्या वर उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं आपण निवडायचं असतं. आणि आपल्याच चुकीनं विमान हुकलं तरी सगळेच पैसे बुडत नाहीत. मूळ भाडं जातं, पण तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एजंट म्हणाला, “आता काही मिळत नाही.” नंतर वाचल्यावर कळलं, अर्ज केला, आणि आठ जणींना थोडे-थोडे पैसे परत मिळाले. थोडेच होते, पण त्यांचे होते.

पैशाचा हिशोब

विमान परवडतं की नाही हे मी सांगणार नाही, तुम्हीच ठरवा. फक्त कसं ठरवायचं ते सांगते. समजा विमानाचं एका बाजूचं भाडं ३००० रुपये आहे आणि रेल्वेचं ५०० रुपये. फरक २५०० रुपये. वाचले १६ तास. म्हणजे एक तास वाचवायला आपण साधारण १५६ रुपये देतोय. तुमच्या वेळचे खरे आकडे टाका आणि हेच गणित करा.

मग स्वतःला विचारा, त्या १६ तासांचं मी काय करणार? घरी दुभती म्हैस आहे, शेजारणीवर किती दिवस टाकणार? मजुरी किती दिवस बुडते? गुडघे दुखतात, वीस तास बसवेल का? एका मावशींना साखरेचा त्रास आहे, त्यांच्यासाठी विमानाचा खर्च चैन नाही. एखादी धडधाकट ताई म्हणेल, मी रेल्वेनं जाते, वाचलेल्या पैशात पोरीची फी भरते. दोन्ही बरोबर. एकाच गटातल्या सगळ्यांनी एकाच वाहनानं गेलं पाहिजे असा नियम नाही. जाताना रेल्वे, येताना विमान, असंही करता येतं.

एक गोष्ट मात्र ठाम सांगते. यात्रेचे पैसे यात्रेच्याच वहीतून. फिरता निधी किंवा बँकेच्या कर्जाचा पैसा याला लावायचा नाही. त्या पैशाला हप्ता आहे.

पैसे देण्याआधी वहीत लिहा

एजंट आला, कागद दाखवला, “आजच पैसे द्या, भाडं वाढेल” म्हणाला, तर एक बैठक थांबा. बैठकीत हे पाच प्रश्न वाचा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या:

१. विमान थेट आहे की मधे बदलायचं आहे?
२. जायच्या आणि यायच्या, दोन्ही वारी विमान आहे का?
३. माझ्या उंबऱ्यापासून विमानतळ किती तास? आणि उतरल्यावर विमानतळापासून मुक्कामाची जागा किती तास?
४. परतीच्या दिवशी मुक्कामाच्या जागेवरून किती वाजता निघायचं? (सुटायच्या वेळेतून आधी दोन तास वजा करा, मग रस्त्याचा वेळ वजा करा, मग वर एक तास जादा वजा करा.)
५. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव प्रत्येकीनं स्वतः वाचलं का? वाचता येत नसेल तर दुसरीकडून वाचून घेतलं का?

तिसरा आणि चौथा प्रश्न कधीही सोडू नका. बाकी सगळं फोन सांगतो. तुमच्या वाडीवरून गारगोटीला पहिली गाडी कधी मिळते आणि पावसात ती येते की नाही, हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. माझ्यासारख्या मॅडमला तर नाहीच.

त्या गटाची बातमी सांगून थांबते. त्या आठ जणींनी परत वही सुरू केली आहे. या खेपेला महिन्याला २०० रुपये. मागच्या बैठकीला गेले तेव्हा अध्यक्ष मावशींनी नकाशाचं पुस्तक आणि दोरा आधीच काढून ठेवला होता. म्हणाल्या, “बस पोरी. या येळंला आम्ही मोजतो, तू फक्त बघ.”

मी बघत बसले. त्यांनी सुरुवात कोल्हापूरपासून केली नाही. दोऱ्याचं पहिलं टोक त्यांनी नकाशाच्याही बाहेर, स्वतःच्या मांडीवर धरलं आणि म्हणाल्या, “घर हितं.”